रूळ उचलून वाट देणारा पूल

आधी जहाजाकडून निरोप येतो. पांबनच्या बंदर कार्यालयात नोंद होते : जहाज कोणतं, पाण्यावर उंच किती, पाण्याखाली खोल किती, मन्नारच्या आखातातून पाल्कच्या सामुद्रधुनीकडे जायचं आहे की तिकडून इकडे यायचं आहे. मग बंदरवाले रेल्वेला कळवतात आणि रेल्वे आपलं वेळापत्रक पाहते. मंडपम आणि पांबन या दोन स्टेशनांच्या मधे गाडी नाही आणि इतक्यात येणारही नाही, याची खात्री झाली की पुलावरच्या माणसांना सांगावा जातो. तोवर जहाज नांगर टाकून थांबलेलं असतं. त्याच्या आजूबाजूला मासेमारीच्या मोठ्या बोटीही गोळा झालेल्या असतात, कारण पूल उघडला की त्याच खेपेत सगळ्यांनी निघून जायचं. एकट्यादुकट्या बोटीसाठी पूल उघडत नाहीत.

रामेश्वरच्या जुन्या पांबन पुलावर हा क्रम शंभर वर्षांहून जास्त काळ पाळला गेला. २४ फेब्रुवारी १९१४ रोजी हा पूल सुरू झाला. लांबी दोन किलोमीटरपेक्षा थोडी जास्त. आपला वांद्रे-वरळी सागरी सेतू होईपर्यंत देशातला सगळ्यात लांब समुद्रावरचा पूल हाच होता. मधला एक गाळा सोडला तर सगळा पूल जागच्या जागी पक्का. तो मधला गाळा दुभंगून वर उचलला जायचा, रुळांसकट, आणि तोही माणसांच्या हातांनी.

यंदाच्या अंकाचा विषय ‘पूल’ आहे, असं संपादकांनी कळवलं आणि मला पांबन आठवला. मी मुळशी तालुक्यातला. आमच्या खोऱ्यात भात झोडून कणगीत पडलं की गावागावांतून दक्षिण यात्रेच्या बस निघतात. सोबत आचारी, शेगडी, पातेली, तांदळाची पोती. परतलेली माणसं देवळांबद्दल बोलतात, आणि तितकंच या पुलाबद्दलही बोलतात. पौडहून निघालेल्या अशाच एका बसमध्ये मी बसलो.

मंडपम सोडलं की रस्ता वर चढू लागतो. २ ऑक्टोबर १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते सुरू झालेला हा रस्त्याचा पूल मधोमध बराच उंच आहे. तिथून खाली पाहिलं की रेल्वेचे दोन पूल शेजारी शेजारी दिसतात. एक नवा, सरळ, दोन मनोऱ्यांचा. दुसरा जुना, बुटका, गंजून तांबडा झालेला, त्याचे खांब एकामागे एक पाण्यात रोवलेले. सगळी बस एका बाजूच्या खिडक्यांना लगडली. माझ्या शेजारच्या आजींनी मांडीवरचं गाठोडं सांभाळत मान बाहेर काढली आणि विचारलं, “एवढं लोखंड हातानं उचलायचं म्हंजी कसं रं?”

काशीची वाट इथून जाते

आजींच्या गाठोड्यात तांब्याचा एक गडू होता. तोंडाला डाख दिलेला, वर हळदीकुंकवाची पुटं चढलेली. यजमानांनी काशीहून आणलेलं गंगेचं पाणी. मावंदं घातलं, गावजेवण झालं, आणि गडू देव्हाऱ्यात राहिला तो राहिलाच. यजमान गेले. आता ते पाणी रामेश्वरावर घालायला आजी निघाल्या होत्या.

काशीचं पाणी रामेश्वराला आणि सेतूची वाळू गंगेला, ही देवघेव पुरी झाल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, असं आपल्याकडे पिढ्यानपिढ्या मानतात. पैठणच्या एकनाथ महाराजांची गोष्ट या वाटेवरचीच. रामेश्वरासाठी खांद्यावर वाहून आणलेली कावड त्यांनी तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली.

मराठी माणूस या टोकाला परका नाही. तंजावरच्या भोसल्यांनी रामेश्वरच्या वाटेवर छत्रं बांधली, म्हणजे यात्रेकरूंना उतरायला जागा आणि जेवायला अन्न. ओरत्तनाडला दुसऱ्या सरफोजीराजांनी बांधलेलं मुक्तांबाळ छत्र आजही उभं आहे. रामेश्वरच्या गाभाऱ्यातली पूजा परंपरेनं महाराष्ट्रीय ब्राह्मण घराण्यांकडे आहे, त्यांची दीक्षा शृंगेरीची. मुळशीहून गेलेल्या माणसाला तिथे आपल्या वळणाची आडनावं कानावर पडतात आणि जीव जरा सैल होतो.

पूल होण्याआधी मंडपमच्या किनाऱ्यावर यात्रेकरू होडीची वाट पाहत बसायचे. मंडपम आणि पांबनच्या मधली ही चिंचोळी खाडी दिसायला शांत, पण वाऱ्याच्या हंगामानुसार पाण्याची ओढ कधी उत्तरेकडे, कधी दक्षिणेकडे, आणि ती जोरदार. पलीकडे पांबनला उतरायचं आणि पुढे दहा-अकरा किलोमीटर वाळूतून चालायचं. तरीही इंग्रजांनी पूल बांधला तो या यात्रेकरूंसाठी नव्हे.

त्यांना सिलोन गाठायचं होतं. तिथल्या चहाच्या मळ्यांना तमिळ मजूर लागत, मळ्यांचा माल आणि टपाल इकडून तिकडे जायला हवं होतं. थेट सिलोनपर्यंत समुद्रावरून रेल्वे नेण्याचाही विचार झाला, पण खर्च पाहून तो मागे पडला. मग ठरलं ते असं : पांबनला पूल, तिथून रामेश्वर बेटाच्या पार टोकाला धनुष्कोडीपर्यंत रूळ, धनुष्कोडीहून आगबोटीनं तलैमन्नार, आणि पुढे पुन्हा गाडीनं कोलंबो. मद्रासच्या एग्मोरहून सुटणाऱ्या या गाडीला लोक ‘बोट मेल’ म्हणत. मळ्यांवर जाणाऱ्या मजुरांना पाठवण्याआधी मंडपमच्या छावणीत अडकवून ठेवत, रोगराई नेऊ नये म्हणून. ‘मंडपम कॅम्प’ हे नाव तिथे अजून वापरात आहे. यात्रेकरू या गाडीत बसले ते मागाहून, पण पुढे पुलावर त्यांचीच गर्दी जास्त झाली.

चतकोर चाक

आता आजींच्या प्रश्नाकडे येतो.

पांबनची खाडी छोट्या जहाजांसाठी मोलाची आहे. ती बंद झाली तर एका बाजूच्या समुद्रातून दुसऱ्या बाजूच्या समुद्रात यायला सगळ्या श्रीलंकेला वळसा घालावा लागतो. म्हणून पूल बांधायचा तर त्यात दार ठेवणं भाग होतं. दार ठेवण्याच्या तऱ्हा अनेक. पुलाचा मधला भाग एका खांबावर आडवा फिरवता येतो, पण मग तो खांबच वाटेच्या मधोमध अडचण होऊन बसतो. बिजागरीवर पूल वर उचलता येतो, पण सगळा भार त्या बिजागरीवर येतो.

अमेरिकेतल्या शिकागो शहरात ही अडचण रोजची होती. अरुंद नदी, तिच्यात जहाजांची रांग, आणि दर चौकाला पूल. विल्यम शेर्झर नावाच्या तिथल्या इंजिनिअरनं यावर एक युक्ती काढली. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी ‘जर्मन इंजिनिअर शेर्झर’ असं छापलेलं आढळतं. घराणं मूळचं जर्मन, पण हा माणूस जन्मानं आणि कामानं इलिनॉय राज्यातला. १८९३ साली तो ऐन पस्तिशीत वारला. त्याच्या रचनेचा पहिला रस्त्याचा पूल शिकागोत १८९५ मध्ये उभा राहिला, तो त्याला पाहता आला नाही. धंदा पुढे भावानं, आल्बर्टनं, चालवला.

युक्ती अशी. उचलायच्या गाळ्याचं मागचं टोक सरळ न ठेवता वाटोळं करायचं, बैलगाडीच्या चाकाचा चतकोर तुकडा कापून जोडावा तसं. हा चतकोर एका सपाट पट्टीवर टेकलेला. तो मागे लोळू लागला की पुढचं लांब टोक आपोआप वर उठतं. बिजागरी नाही, त्यामुळे एकाच खिळीवर सगळा भार नाही. लोळताना सगळा गाळा थोडा मागेही सरकतो, म्हणून मधली वाट जास्त मोकळी होते. मागच्या अंगाला मोठं वजन बसवलेलं असतं, त्यानं पुढच्या टोकाचा तोल साधतो. तोल नीट साधला की उचलायला फारशी ताकद लागत नाही. घर्षण आणि वारा, एवढ्याशीच झुंजायचं.

पांबनला असे दोन पंख समोरासमोर आहेत. प्रत्येकाचं वजन ४१५ टनांच्या आसपास. ते घडवले इंग्लंडमधल्या थॉर्नबी-ऑन-टीज इथल्या हेड राइटसन कंपनीनं. तिथून सुटे भाग जहाजानं आले आणि खाडीच्या मधोमध, वाहत्या पाण्यावर, जोडले गेले.

दांडे फिरवणारे

पुलाचं खरं आयुष्य मला त्याच्या पोलादापेक्षा त्याच्या रोजच्या रिवाजात दिसतं, म्हणून इथे जरा थांबतो.

पूल उघडायचा तर दोन्ही बाजूंना मिळून बारा माणसं लागत. सहा इकडे, सहा तिकडे. पंखाच्या बुडाशी दंतचक्रांची साखळी, तिला जोडलेले लांब दांडे. आधी मधल्या जोडाची कुलपं काढायची, कारण बंद असताना दोन्ही पंख एकमेकांत अडकवलेले असतात. रुळांची टोकं मोकळी झाली का पाहायचं. मग सहा जण दांड्यांना भिडायचे आणि फिरवत राहायचे. सुरुवातीला वाटतं काहीच हलत नाही. हात फिरतात, चक्रं फिरतात, आणि पंख जागचा ढळत नाही. मग मधल्या जोडात उजेडाची एक फट दिसू लागते. ती रुंदावत जाते. शेवटी रूळ, स्लीपर, कठडे सगळं घेऊन पंख जवळजवळ उभा होतो.

दोन्ही बाजूंनी एका लयीत उचलणं हे कौशल्याचं काम. पलीकडच्या पंखाशी बोलायला इतक्या वाऱ्यात आवाज पोचत नाही. हातवारे, शिट्टी, आणि वर्षानुवर्षांची सवय. उघडणं त्यातल्या त्यात सोपं. खरी कसोटी मिटण्यात. दोन किनाऱ्यांकडून येणारे दोन अवजड पंख खाली टेकायचे आणि त्यांच्यावरचे रूळ एकमेकांसमोर तंतोतंत यायचे. उन्हानं लोखंड वाढतं, रात्री आखडतं. ही वाढ-घट रोज लक्षात घ्यायची. रूळ बसले, कुलपं लागली, माणसानं वाकून पाहिलं, हातानं चाचपलं, की मग दोन्ही स्टेशनांना कळवायचं. त्यानंतरच सिग्नल.

महिन्याला दहा-पंधरा जहाजं जात. छोट्या होड्यांना पूल उघडावा लागत नसे, त्या खालून निघून जात. मोटर बसवून हे काम सोपं करता आलं असतं, असं कोणालाही वाटेल. पण खाऱ्या वाऱ्यात उघड्यावर यंत्र टिकवणं सोपं नाही. विजेनं पाठ फिरवली तरी हात पाठ फिरवत नाहीत. एवढ्या मोजक्या खेपांसाठी दांडे पुरे होते, आणि ते शंभर वर्षं पुरले.

गाडीलाही इथे आपला तोरा सोडावा लागे. पुलावर ताशी १० किलोमीटर, म्हणजे सायकलवाला शेजारून पुढे निघून जाईल एवढाच वेग. डब्यांच्या दारांत माणसं हात जोडून उभी. कोणी पाण्यात नाणं टाकी. पुलावर वारा मोजणारं यंत्र होतं. वारा ताशी ५८ किलोमीटरच्या वर गेला की सिग्नल लाल होई आणि गाडी अलीकडेच थांबून राही.

गंज

पांबनला उतरून रस्त्याच्या पुलाखालून किनाऱ्याकडे गेलं की मासे आणि डिझेल यांचा मिसळलेला वास येतो. वाळूत होड्या ओढून ठेवलेल्या, जाळी पसरलेली. तिथून जुन्या पुलाचे खांब आणि गर्डर अगदी जवळून दिसतात. लोखंडाच्या पापुद्र्यांवर पापुद्रे. रंगाचे इतके थर की एखादा ढलपा निघालेल्या जागी त्यांची कड मोजता येईल : करडा, तांबडा, पुन्हा करडा, खाली पुन्हा तांबडा. रिव्हेटची डोकी झिजून बसकी झालेली. हाताला मिठाची खरखर लागते. त्या खरखरीशी पुलावरची माणसं शतकभर रोज भांडत होती.

इथल्या हवेला लोखंडाचं वैर आहे. दोन्ही बाजूंना समुद्र, वर्षभर खारा वारा, तापलेलं ऊन. जगातल्या सगळ्यात गंजखोर जागांमध्ये या पट्ट्याचं नाव घेतात. म्हणून पुलाला रंग देण्याचं काम कधी संपतच नसे. एका टोकाकडून खरडत, घासत, रंगवत दुसऱ्या टोकाला पोचावं, तोवर पहिल्या टोकाला पुन्हा गंज चढलेला. पाण्यावर लोंबकळत्या फळीवर बसून तारेच्या ब्रशनं एकेक रिव्हेट घासणारी माणसं कोणत्याही उद्घाटनाच्या फोटोत नसतात. रोज हातोडी आणि पाना घेऊन रूळ तपासत जाणारा कीमनही नसतो. त्याच्या एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला पाणी, आणि पायाखाली स्लीपरांच्या फटींतूनही पाणीच.

पूल इतकी वर्षं टिकला, याचं श्रेय लोक इंग्रजांच्या बांधणीला देतात. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. देखभाल दहा वर्षं थांबली असती तर हेड राइटसनचं पोलाद कोणाला दिसलं नसतं.

२२ डिसेंबरची रात्र

धनुष्कोडीला आता रस्ता जातो. वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर दोन्हीकडे समुद्र, यात्रेकरूंच्या भाषेत महोदधी आणि रत्नाकर. मधे चर्चच्या भिंती, स्टेशनचे अवशेष, शंखशिंपल्यांची दुकानं. आमची बस तिथे पोचली तेव्हा आचाऱ्यानं वाळूतच दुपारचा भात टाकायचं ठरवलं होतं. वाऱ्यानं चूल पेटू दिली नाही.

२२ डिसेंबर १९६४ च्या रात्री इथे जे वादळ आलं, त्यानं हे गाव संपवलं. पांबनहून धनुष्कोडीला निघालेली ६५३ क्रमांकाची पॅसेंजर गाडी रात्री बाराच्या सुमारास गावाच्या तोंडाशी आली. सिग्नल बंद पडलेला. ड्रायव्हर थांबला, शिट्टी देत राहिला, मग त्यानं गाडी पुढे घेतली. समुद्राची लाट आली आणि अख्खी गाडी माणसांसकट घेऊन गेली. गाडीत शंभरावर माणसं होती, कोणी वाचलं नाही. बेटावर आणि आसपास मिळून सुमारे १८०० माणसं गेली, असं सांगतात. रामेश्वरच्या मोठ्या देवळानं कित्येकांना आसरा दिला. सरकारनं नंतर धनुष्कोडी राहायला अयोग्य ठरवलं, आणि बोट मेलची वाट कायमची तुटली.

मुळशीच्या माणसाला बुडालेलं गाव पाहिलं की घरचं आठवतं. आमच्या खोऱ्यातली पन्नासेक गावं टाटांच्या धरणासाठी गेली. त्याविरुद्धचा सत्याग्रह १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सुरू झाला. पुढे सेनापती बापटांनी धरणाच्या कामावरची आगगाडी रुळांवर दगड रचून अडवली आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. आमची गावं माणसानं ठरवून बुडवली, धनुष्कोडी समुद्रानं. दोन्हीकडे मागे उरलेल्यांना काय उरलं, ते मात्र एकच. धनुष्कोडीच्या भिंती पाहताना बसमधली म्हातारी माणसं एकदम गप्प झाली, त्याचं कारण मला विचारावं लागलं नाही.

त्या रात्री पांबन पुलाच्या १४५ गर्डरांपैकी १२६ वाहून गेले. खांब बहुतेक उभे राहिले. आणि शेर्झरचा उचलता गाळा, जो सगळ्यात नाजूक वाटावा, तो जागचा हलला नाही.

सेहेचाळीस दिवस

दुरुस्तीचं काम आलं ते बत्तिशीतल्या एका इंजिनिअरकडे, ई. श्रीधरन यांच्याकडे. रेल्वेनं मुदत दिली होती सहा महिन्यांची. दक्षिण रेल्वेच्या जनरल मॅनेजरांनी ती तीन महिन्यांवर आणली. देशभरातून नवे गर्डर गोळा करून आणायचे, तर तीन महिने नुसते वाट पाहण्यात गेले असते. तेवढ्यात मच्छीमारांनी सांगितलं, गर्डर खाडीच्या तळाशी पडलेत, अमुक जागी आहेत. समुद्राची खडान्‌खडा माहिती असलेल्या माणसांचा तो निरोप सगळ्या कामाला वळण देऊन गेला. गर्डर पाण्यातून ओढून काढायचे, तपासायचे, पुन्हा खांबांवर चढवायचे, असं ठरलं. सुरुवातीला एकेक गर्डर बसायला बराच वेळ जाई. मग हात बसला आणि दिवसाला अनेक गर्डर चढू लागले. ४६ दिवसांत पुलावरून पुन्हा गाडी गेली.

याच श्रीधरनांनी पुढे कोकण रेल्वे बांधली. रोहा ते मंगळूर, सह्याद्रीच्या कुशीतून, नद्यांवरून, चिखलाच्या बोगद्यांतून. १९९८ मध्ये ती पूर्ण सुरू झाली तेव्हा चिपळूण-रत्नागिरीच्या माणसांनी त्यांना घरच्यासारखं मानलं. त्यांची कसोटी पांबनला आधीच लागून गेली होती, आणि तिथे त्यांच्या मदतीला धावले ते मच्छीमार. इतिहासात श्रीधरनांचं नाव आहे, आणि ते असायलाच हवं. गर्डर दाखवणाऱ्या होडीवाल्यांची नावं कुठे लिहून ठेवलेली मला सापडली नाहीत.

थकलेला पूल

पुलाचे रूळ मूळचे मीटर गेजचे. देशभर ब्रॉड गेज होत गेलं तसा प्रश्न आला, की जुन्या पुलावरून रुंद रूळ आणि जड गाड्या न्यायच्या की रामेश्वरला उर्वरित देशापासून तोडायचं. शेवटी जुनाच पूल बळकट करून २००७ मध्ये त्यावर ब्रॉड गेज टाकलं. त्र्याण्णव वर्षांच्या पुलावर हा नवा भार आला. ए. पी. जे. अब्दुल कलाम तेव्हा नुकतेच राष्ट्रपतिपदावरून उतरले होते. ते याच बेटावरचे. युद्धकाळात गाडी रामेश्वर स्टेशनात थांबेनाशी झाली, तेव्हा धावत्या गाडीतून फेकलेले वर्तमानपत्रांचे गठ्ठे झेलण्याचं काम लहानग्या कलामांनी केलं. ती त्यांची पहिली कमाई.

पुढची वर्षं पुलाला जड गेली. २०१३ च्या जानेवारीत वाऱ्यानं भरकटलेलं एक बार्ज खांबावर आदळलं आणि वाहतूक काही काळ थांबली. २०१८ च्या डिसेंबरात शेर्झरच्या गाळ्यात तडा आढळला, गाड्या पुन्हा महिनोन्‌महिने बंद. आणि २३ डिसेंबर २०२२ रोजी पुलावरच्या सेन्सरांनी धोक्याचा इशारा दिल्यावर गाड्या थांबल्या त्या कायमच्याच. १९६४ च्या वादळाची ती सकाळ, २३ डिसेंबर, इथल्या लोकांना तारखेनं पाठ आहे. पुढची दोन वर्षं यात्रेकरू मंडपमलाच उतरत आणि सामान डोक्यावर घेऊन बस पकडत.

६ एप्रिल २०२५ रोजी पंतप्रधानांनी नवा पूल सुरू केला. तो दिवसही रामनवमीचा. नव्या पुलाचे ९९ गाळे १८.३ मीटरचे आणि मधला एक ७२.५ मीटरचा. हा मधला गाळा दुभंगत नाही. दोन मनोऱ्यांच्या मधे, पोलादी दोरांवर, प्रतिभाराच्या जोरावर, आडवाच्या आडवा १७ मीटर वर जातो. वजन ६६० टन, वेळ पाचेक मिनिटं, काम विजेचं. रूळ जुन्यापेक्षा तीन मीटर उंचावर. सळया स्टेनलेस स्टीलच्या, आणि पाया पुढे दुसरा मार्ग टाकता यावा असा. खर्च साडेपाचशे कोटींच्या घरात. हा पूल हवाच होता. जुन्या पुलावर गाड्या चालवत राहणं म्हणजे माणसांच्या जिवाशी खेळ झाला असता.

जहाजाचा निरोप, रेल्वेची खात्री, दोन्ही स्टेशनांचा होकार, हा क्रम नव्या पुलावरही तोच आहे. दांडे तेवढे गेले.

हे एवढं ठेवा

आता जुना पूल काढून टाकण्याच्या हालचाली आहेत. कारणंही खोटी नाहीत. सोडून दिलेलं लोखंड कधीतरी कोसळेल, नव्या पुलाला किंवा जहाजांना धोका होईल. जुने पंख वाटेत आहेत तोवर प्रत्येक जहाजाला त्यांचाही अडसर. सगळा पूल जपा, असं मी म्हणणार नाही. समुद्रात नुसतं उभं ठेवून पोलाद जपता येत नाही, हे त्याच पुलानं शिकवलंय.

पण आपल्याकडे ‘काढून टाकणं’ फार लवकर होतं. खंडाळ्याच्या घाटातला अमृतांजन पूल १८३० सालचा. पुण्या-मुंबईच्या दर प्रवाशानं तो पाहिलेला. रस्त्याला अडचण होत होती हे खरंच होतं. एप्रिल २०२० मध्ये, सगळं बंद असताना, सुरुंग लावून तो पाडला. त्याचे चार दगड तरी नीट मांडून, खाली दोन ओळी लिहून, घाटात कुठे ठेवले असते, तर आज मुलांना दाखवायला काही असतं.

म्हणून मागणी छोटी आहे. शेर्झरच्या दोन पंखांपैकी एक तरी, त्याच्या चतकोर चाकासकट, दंतचक्रांसकट आणि फिरवायच्या दांड्यांसकट, पांबनच्या किनाऱ्यावर आणून बसवावा. शाळेतल्या सहा पोरांना दांड्यांना हात लावू द्यावा आणि पंख वीतभर उचलून दाखवता यावा. ज्यांनी हे काम केलं, त्यांतले पुष्कळ आता निवृत्त होऊन मंडपम-पांबनच्याच वस्त्यांत राहतात. त्यांच्या आठवणी तमिळमध्ये नोंदवून घ्याव्यात, मग त्या मराठीतही याव्यात. हे काम रेल्वेचं आहे. आणि दर वर्षी काशी-रामेश्वर करणाऱ्या आपल्या यात्रा मंडळांनी रेल्वेला पत्रं लिहिली, तर ते अधिक लवकर होईल.

आजींचा गडू रामेश्वरला रिकामा झाला. सेतूची वाळू त्यांनी चिमूटभर पुडीत बांधून घेतली आहे, काशीसाठी. पुढच्या हंगामात आमच्या खोऱ्यातून काशीची बस निघेल, तिच्यात त्यांचं नाव पहिलं आहे. तुम्ही रामेश्वरला जाणार असाल, तर देवदर्शनाच्या घाईत पांबनला नुसतं खिडकीतून पाहून पुढे जाऊ नका. पूल अजून उभा आहे तोवर बस पलीकडे लावायला सांगा, किनाऱ्यावर उतरा आणि त्याला जवळून पाहून घ्या.